अहिराणीतली कसम

मला माणसात आणलं ते भिकन रुस्तम पिंजारी यांनी. आई-वडिलांनी जन्म दिला, वाढवलं, पोटाला घातलं. पण पुस्तकाच्या वाटेला लावलं आणि त्या वाटेवरून कुणी मागे खेचू लागलं तेव्हा मध्ये उभे राहिले ते भिकन मुल्लाच. माझ्या घराण्यात माझ्याआधी कुणी सही केलेली नव्हती. मी बी. ए. झालो, मास्तर झालो. त्या दोन गोष्टींच्या मध्ये हा एक उंच, किडकिडीत, कापसाने माखलेला माणूस उभा आहे.

गावात त्यांना सगळे ‘मुल्लाजी’ म्हणत. आमचं गाव धानोऱ्यापासून थोडं आत, तेव्हाच्या पश्चिम खानदेशात. गुजर पाटलांची शेती, भिलांची वस्ती, आणि एका टोकाला आमची मुसलमानांची वीस-पंचवीस घरं. बहुतेक पिंजारी, काही गाडीवान, एक-दोन व्यापारी. मशीद मातीच्या भिंतींची. तिच्या पडवीत मुल्लाजींचा मकतब, म्हणजे आमची कुराण शिकायची शाळा भरे, आणि त्याच पडवीत त्यांचं कापूस पिंजण्याचं कामही चाले. दोन्ही एकाच वेळी. छताला टांगलेली लाकडी पिंजण, तिची ताणलेली तांत, म्हणजे दोरी, आणि ती ठोकायला हातात लाकडी मुठिया. तांतेवर मुठियाचा ठोका पडला की ‘धुंई’ असा आवाज घुमे आणि खाली कापूस फुलत जाई. आम्ही पोरं भिंतीला पाठ लावून त्या ठोक्यावर अलिफ, बे, ते म्हणत असू. माझी जीभ अजूनही अरबी हरफ त्याच ठेक्यावर म्हणते.

मुल्लाजींकडे छडी नव्हती. कुणाचं लक्ष उडालं तर ते हातातल्या कापसाचा गोळा करून नेमका त्याच्या नाकावर मारत. लागत काही नसे, पण वर्गभर हसू होई आणि ज्याला मारला त्याला तो गोळा उठून परत नेऊन द्यावा लागे. कापूस गिऱ्हाइकाचा असे ना.

हिवाळ्यात, रजया भरायच्या दिवसांत, त्यांची दाढी पार पांढरी दिसे. ईदला न्हाऊन आले की एकदम काळी. गावातल्या गुजरांच्या बायका त्यावरून त्यांची थट्टा करत. “मुल्लाजी, सणले जवान व्हतस तुम्ही.” ते गंभीरपणे म्हणत, “हा बाई, पन मन्ही बायको इस्वास ठेवत नही.”

हरफांच्या वर-खाली ज्या बारीक रेघा असतात त्यांना जबर आणि जेर म्हणतात. वर दिली तर ‘अ’, खाली दिली तर ‘इ’. लहानपणी याचा घोळ सगळ्यांचाच होतो. मुल्लाजी पाटीवर खडूने एक रेघ ओढत आणि विचारत, “रेघ कशी शे?”

“तीच शे, मुल्लाजी.”

“वर बसनी तं जबर. खाले बसनी तं जेर. रेघनी काय चूक शे का?”

“नही, मुल्लाजी.”

“मंग पोऱ्या वाया गया म्हनशात तं पहिलं देखा, त्याले कोठे बसाडेल शे.”

हे शेवटचं वाक्य आमच्यासाठी नसे. पडवीसमोरून कुणी वडीलधारा माणूस जात असला की ते जरा मोठ्याने म्हणत.

एका बाबतीत मात्र ते कडक होते, आणि ते म्हणजे उच्चार. घशातला ‘ऐन’ आणि छातीतला ‘हे’ आम्हा खानदेशी पोरांना काही केल्या साधत नसे. आम्ही सगळं एकाच सुरात, अहिराणी हेलात म्हणून मोकळे होत असू. तेव्हा ते मुठिया खाली ठेवत, दोन्ही खांद्यांवर टिचक्या मारत आणि म्हणत, “आठे दोन फरिस्ता बसेल शेतस. एक चांगलं लिखस, एक वाईट लिखस. त्यासले अरबी समजस. तुमनी हाई बोली त्यासले काय समजी?” आम्ही घाबरून पुन्हा घसा खरवडायला लागत असू. ते वाक्य त्यांनी किती वेळा उच्चारलं असेल कुणास ठाऊक. रागाच्या भरात मास्तर असं बरंच काही बोलतात. आता मीही बोलतो. पोरं त्यातलं काय उचलतील ते मात्र आपल्या हातात नसतं.

गावाचं बकरं कापायचं कामही मुल्लाजींकडेच होतं. पाटलांकडे पाहुणे आले की माणूस धावत येई. मुल्लाजी धोतरात सुरी गुंडाळून जात आणि आधी बकऱ्याला पाणी आणवत. एकदा मीही मागे गेलो होतो. बकरं पाण्याला तोंड लावेना. मुल्लाजी बादलीशेजारी उकिडवे बसले, त्याच्या मानेवरून हात फिरवत. चूल पेटलेली, मसाला वाटून तयार. पाटील दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा म्हणाले, “मुल्लाजी, तो पानी पी तवलोंग पावना भुक्या मरतीन.”

“पावनासले उना उना पानी दिधं व्हतं का नही?”

“दिधं.”

“मंग हाऊ बी पावनाच शे. घडीभरना.”

पाटील हसले आणि ओट्यावर जाऊन बसले. शेवटी बकरं पाणी प्यालं. हे मी त्यांचं मोठेपण म्हणून सांगत नाही. त्यांचा स्वभाव कामापेक्षा सावकाश होता, आणि गावाने तो धरून चालायची सवय करून घेतली होती.

मी मराठी शाळेच्या शेवटच्या इयत्तेत पहिला आलो तेव्हा हेडमास्तरांनी अब्बांना सांगितलं की याला नंदुरबारला इंग्रजी शाळेत घाला. अब्बा गाडीवान होते. मिरचीच्या हंगामात गावची मिरची नंदुरबारच्या बाजारात नेऊन टाकत. नंदुरबार त्यांनी पाहिलेलं होतं आणि म्हणूनच ते नको म्हणाले. तिथल्या कापसाच्या जिनांमध्ये कामाला गेलेली आमच्या गावची पोरं त्यांनी पाहिली होती. गळ्यात रेशमी रुमाल, तोंडात विडी, मोहाची दारू, पत्ते. सणाला गावी आली तरी मशिदीकडे फिरकत नसत. आणि जमातीत एक समज पक्का होता की नंदुरबारचं पाणी लागलं की दीन गेला. जिनात गेला काय आणि इंग्रजी शाळेत गेला काय, पाणी तेच.

मुल्लाजी आमच्या अंगणात आले. अब्बा बैलांना वैरण टाकत होते.

“हुसेन, पोऱ्याले धाड.”

“बिघडी जाई तो, मुल्लाजी.”

“मी जामीन शे ना. बिघडना तं मन्ही दाढी धरजो.”

अब्बांनी वर पाहिलं. “तुमनी दाढीमा केस कमी, कापूस जास्ती शे. धरसू काय मी?”

पण ते हसले होते, आणि अब्बा हसले म्हणजे काम झालं हे आम्हाला माहीत होतं. मी नंदुरबारला गेलो. एका नातेवाइकाच्या खोलीच्या कोपऱ्यात राहायचं, दर गुरुवारी संध्याकाळी अब्बांच्या किंवा कुणाच्या तरी गाडीत बसून गावी यायचं, जुम्म्याची नमाज पढून परत जायचं. ही अट अब्बांची होती, आणि शुक्रवारचे वर्ग बुडाले तरी शाळेतल्या मास्तरांनी ती कधी मोडू दिली नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती.

माझं मॅट्रिकच्या आधीचं वर्ष होतं. रमजान तोंडावर आला होता. आमच्या जमातीचे प्रमुख उस्मान शेठ, मिरचीचे व्यापारी. त्यांनी सुरतेहून मशिदीसाठी एक गॅसबत्ती आणली होती. तोवर मशिदीत कंदील असे. ती बत्ती पहिल्यांदा लावली तेव्हा भिलाटीतली माणसंसुद्धा पाहायला आली होती. रमजानच्या तरावीहच्या लांब नमाजा या वर्षी लख्ख उजेडात होणार म्हणून सगळे खुशीत होते. आणि एका सकाळी बत्ती जागेवर नव्हती.

जुम्म्याच्या नमाजेनंतर उस्मान शेठनी सगळ्यांना बसवून घेतलं. गुरुवारची गाडी चुकल्यामुळे मी त्याच दिवशी सकाळी पोचलो होतो. उस्मान शेठ वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगतो. त्यांना खरोखर चिंता होती. गावातली तरणी पोरं हाताबाहेर चालली आहेत, शेतातल्या खोपटात पत्ते कुटतात, नमाजेला मागच्या रांगेत उभी राहून खिदळतात, हे ते पोटतिडकीने बोलले. मग म्हणाले, “मी कोनवर आळ घेत नही. एकेक पोऱ्या उठी आनि अल्लानी कसम खाई, का माले मालूम नही.”

मुल्लाजींना त्यांनी कुराण बाहेर काढायला सांगितलं. मुल्लाजी म्हणाले, “शेठ, एक बत्तीनी करता अल्लानं कलाम मी उतारत नही. तोंडथीन कसम घ्या.”

तसं ठरलं. पहिला उठला तो शेठचाच मुलगा गफूर. त्याचं अख्खं कुराण वाचून झालेलं होतं; ते पुरं झालं त्या दिवशी उस्मान शेठनी गावभर पेढे वाटले होते. तो खणखणीत आवाजात म्हणाला, “अल्लानी कसम, माले मालूम नही.” त्याच्यामागून त्याचे तीन सोबती. तेही कुराण पुरं केलेले. सगळे एका सुरात, पाढा म्हणावा तसे. माझी पाळी आली तेव्हा शेठ म्हणाले, “हाऊ तं आजच उना. बस रे.”

मग चांद.

चांद सुगराबीचा मुलगा. सुगराबी विधवा, शेतमजुरी करणारी. चांद आमच्याच वयाचा, पण मकतबात तो पहिल्या कायद्यापुढे, म्हणजे हरफांच्या पुस्तकापुढे, गेलाच नाही. त्याला हरफ लक्षात राहत नसत. कापसाचे सगळ्यांत जास्त गोळे त्यानेच खाल्ले असतील. पुढे तो नंदुरबारला जिनात लागला. रेशमी रुमाल, विडी, सगळं आलं. नमाजेत तो शेवटच्या रांगेत उभा राही आणि शेजारच्याकडे बघून वाके, बसे. बिघडलेल्या पोराचं उदाहरण द्यायचं झालं की सगळे चांदचंच देत. रमजानसाठी तो आठवडाभर आधीच गावी आला होता.

चांद उठला आणि गप्प उभा राहिला.

“बोल रे.”

“माले कसम खावानी नही, शेठ.”

“काबर?”

“खावानी नही.”

“म्हंजे तुले मालूम शे.”

चांद मान खाली घालून रुमालाचं टोक पिळत राहिला. मशिदीत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, “देखा, चोरनं तोंड.” मागे दाराबाहेर सुगराबी उभी होती. ती म्हणाली, “चांद, बोल ना रे बाप. नही म्हनाले काय जास तुन्हं?” चांदने तिच्याकडेही पाहिलं नाही.

उस्मान शेठनी निवाडा सांगितला. पुढच्या जुम्म्यापर्यंत चांदने बत्ती आणून द्यावी, नाहीतर त्याला जमातीबाहेर करायचं. त्याच्या घरचं पाणी कुणी प्यायचं नाही, त्याचा निकाह कुणी पढवायचा नाही, त्याच्या घरच्या मयतीला कुणी खांदा द्यायचा नाही. आणि आमच्याकडे वळून ते म्हणाले, “आनि आतेफाईन आपला एक बी पोऱ्या नंदुरबारले ऱ्हावाव नही. जिनमा नही, शाळामा बी नही. पुढला जुम्माले हाई बी ठराई टाकू.”

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं नाही. घरी येऊन ते एवढंच म्हणाले, “हाई हप्ता तू आठेच थांब.” मी पुस्तकांची पिशवी खुंटीला अडकवली.

तो आठवडा मी मुल्लाजींच्या पडवीत काढला. दुसरं कुठे जाणार? सुगराबी एकदा येऊन गेली. “मुल्लाजी, मी मेल्यावर माले कोन उचली?” एवढंच विचारून ती पायरीवर बसून राहिली. मुल्लाजींनी तिला पाणी दिलं.  त्या दिवसांत पिंजण चाले, पोरं हरफ म्हणत, पण कापसाचा एकही गोळा कुणाच्या नाकावर बसला नाही.

बुधवारी की गुरुवारी, लहान पोरांत भांडण झालं. एकाने दुसऱ्याचा खडू घेतला होता. ज्याने घेतला तो म्हणाला, “अल्लानी कसम, मी नही लिधा.” आणि खडू त्याच्या मुठीतून खाली पडला. पोरं हसली. मुल्लाजींनी मुठिया थांबवला.

“काबर रे, अल्लानी कसम खाईसन खोटं बोलस?”

पोरगं सात-आठ वर्षांचं. अजिबात घाबरलं नाही. उलट मुल्लाजींनाच समजावून सांगावं तसं म्हणालं, “आपली बोलीमा खादी ना मुल्लाजी. ती लिखाई जास नही.”

“कोन सांगं तुले?”

“सगळासले मालूम शे. फरिस्तासले अरबीच समजस. तुम्हीच तं सांगेल व्हतं. गफूरभाऊ बी तेच म्हनस. अरबीमा खादी तं खरी, आपली बोलीमा खादी तं नुसती गप.”

मुल्लाजी आधी हसले. मोठ्याने, डोक्यावरची टोपी सावरत हसले. मग हसू हळूहळू उतरलं आणि ते तांतेकडे बघत बसले. तांत अजून थरथरत होती. त्यांनी ती बोटाने थांबवली. पोरांना सुट्टी दिली. माझ्याकडे वळून म्हणाले, “इसूफ, चार पोरे. चारी जन मन्हा हातखाले शिकेल. आनि जो शिकना नही तो एकला कसमले भ्याना.” ते गफूर आणि त्याच्या तीन सोबत्यांच्या कसमेबद्दल बोलत होते, हे मला कळायला थोडा वेळ लागला. त्यांना लगेच कळलं होतं.

जुम्म्याला मशीद भरली. अब्बांनी मला पुढच्या रांगेत शेजारी घेतलं. मुल्लाजींनी नेहमीसारखा अरबी खुतबा, म्हणजे जुम्म्याचं प्रवचन, पढला, नमाज झाली. लोक उठायच्या बेतात होते. मुल्लाजी परत मिंबरच्या पायरीवर बसले. मिंबर म्हणजे खुतबा देण्याची जागा. तिथून आम्ही तोवर अरबी आणि कधीमधी उर्दू ऐकली होती. त्या दिवशी ते अहिराणीत बोलू लागले, आणि जाणत्या लोकांनी दचकून वर पाहिलं.

“भाऊसहो, मन्हा हातथीन एक चूक हुई गयी. मी पोरेसले रागमा सांगं, का फरिस्तासले आपली बोली समजत नही. ते खोटं शे. उजवा खांदावरना माले मालूम नही कोठला शे. पन डावा खांदावरला आपलाच गावना शे. तुम्ही बैलले शिवी दिधी ती तो लिखस. बायकोले जे बोलतस ते लिखस. खोपटामा पत्ता खेळतांना जे बोलतस ते बी लिखस. त्याले आपली बोली आपलापेक्षा चांगली समजस.”

मागून कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

“मांगला जुम्माले आठे कसम खाई गयी. ती लिखाई गयी. पोरेसनी चूक नही, त्यासले मीच तसं शिकाडेल शे. तं आज मी पहिले तोबा करस. मंग ज्याले करानी शे त्यानी करो. अल्ला ऐकी लेस, आपलीच बोलीमा ऐकी लेस.”

आणि त्यांनी हात उचलून, सगळ्यांसमोर, अहिराणीत माफी मागितली. दोन-तीन वाक्यंच. घरात कुणी मोठ्या माणसाची मागावी तशी.

 उस्मान शेठ काही बोलणार तोच त्यांच्याच मागून आवाज आला. गफूर उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता. मागच्या जुम्म्याचा खणखणीतपणा गेला होता.

“मुल्लाजी, बत्ती आमना खळामा शे. पऱ्हाटीसना गंजमा. आम्ही खोपटामा लई गयथूत. पत्ता खेळाले.” मग त्याने चांदकडे पाहिलं. “चांद नही व्हता. त्यानी नुसतं देखं व्हतं.”

बाकीचे तिघेही उठून उभे राहिले. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

आता सगळे उस्मान शेठकडे पाहत होते.  जमातीबाहेर टाकायचं ते आता कुणाला, हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडावर होता आणि कुणीच विचारत नव्हतं. शेठनी मुलाकडे वळून विचारलं, “काच फुटेल शे का?”

“फुटी गयी, बाबा.”

“आनि जाळी?”

“ती बी.”

शेठनी सुस्कारा सोडला. “तरी मी म्हने, मन्हा खळामा रोज कुत्रा काबर भुकतस.”

त्यावर सगळी मशीद हसली, शेठही हसले, आणि माझ्या शेजारी अब्बांनी आपली मांडी मोकळी केली. इतका वेळ ते अवघडून बसले होते हे मला तेव्हा कळलं. नंदुरबारचा विषय कुणी काढलाच नाही. चोर नंदुरबारचा निघाला नव्हता. घरच्या खळ्यातला निघाला होता. सोमवारी अब्बांनी गाडी जुंपली आणि मला म्हणाले, “चाल, शाळाले उशीर व्हस.” पुस्तकांची पिशवी खुंटीवरून त्यांनीच काढून दिली.

बाहेर पडताना मुल्लाजींनी चांदला थांबवलं. मी चपला शोधत होतो म्हणून मला ऐकू आलं.

“तू कसम काबर नही खादी रे? ‘नही’ म्हनना असता तं सुटी जाता.”

चांद लाजला. “माले दुसरी बोलीच येस नही, मुल्लाजी. मी अल्लासंगे हाईच बोलीमा बोलस. आठे खोटं बोलनू, तं मंग त्यानासंगे बोलसू कोठे?”

 मुल्लाजींनी चांदच्या गळ्यातला रेशमी रुमाल नीट केला, पोराच्या कपड्यावरच्या चुण्या काढाव्यात तसा. विडीबद्दल त्यांनी त्याला त्या दिवशी काही सांगितलं नाही. पुढे कधीतरी सांगितलं असावं, कारण विडी सुटली. रुमाल सुटला नाही.

शेठनी नवी काच आणि जाळी आणली. रमजानभर गॅसबत्ती पेटवण्याचं काम गफूर आणि त्याच्या सोबत्यांकडे होतं. तिची जाळी फार नाजूक, हात हलला की गळून पडते, आणि मुल्लाजी शेजारी उभे राहून त्यांना सावकाश, सावकाश म्हणत. पहिल्या आठवड्यात त्यांनी तीन जाळ्या घालवल्या. मग त्यांचे हात स्थिर झाले.

त्यानंतर मकतबाची रीत बदलली. प्रत्येक सूरा पाठ झाली की मुल्लाजी मुठिया खाली ठेवत आणि तिचा अर्थ अहिराणीत सांगत. नंतर एकदा गुजरातकडचे एक मौलवी साहेब पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी पडवीत बसून हे ऐकलं आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं, “मुल्लाजी, ये कौनसी ज़बान है?” मुल्लाजी अदबीने म्हणाले, “हुजूर, ये हमारे फ़रिश्तों की है.” मौलवी साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. जाताना त्यांनी मुल्लाजींकडून एक रजई भरून नेली.

सगळी पोरं सुधारली असं मी म्हणणार नाही. दोघं पुढे पुन्हा दारूला लागले. पण ते लपवत नसत, आणि त्यांच्या बायका म्हणत की हेही काही कमी नाही. गफूरने पुढे बापाचा धंदा सांभाळला. त्याने तोंडाने दिलेला भाव लिहून घ्यावा लागत नाही, असं बाजारात मीच ऐकलं आहे.

मुल्लाजींना मी शेवटचं पाहिलं ते नंदुरबारच्या स्टेशनवर. मॅट्रिक झाल्यावर मी पुण्याला कॉलेजात निघालो होतो. चांदने गाडी हाकली. तो तेव्हा जिन सोडून गाडीवान झाला होता. मुल्लाजी मागे बसले होते, मांडीवर माझ्यासाठी स्वतः पिंजून भरलेली रजई. उन्हाळा होता. मी म्हणालो, पुण्याला एवढी थंडी नसते. ते म्हणाले, “नसो. शेजारनासले दे मंग.” गाडी आली. मी डब्यात चढलो. खिडकीशी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि अरबीत दुआ सुरू केली. शिट्टी झाली. त्यांनी दुआ मध्येच थांबवली आणि घाईघाईने म्हणाले, “जाय भाऊ. दुपारनं उनमा हिंडू नको.” गाडी हलली तेव्हा ते फलाटावरून दोन-चार पावलं चालत आले. मग चांदने त्यांचा हात धरला, कारण फलाट संपत आला होता आणि ते खाली पाहत नव्हते.

पुढे सुट्ट्यांमध्ये मी गावी आलो तेव्हा ते नेमके मुलीकडे गेलेले असत, किंवा मीच शिकवण्या धरून पुण्यात राहिलेला असे. भेट राहून गेली. बी. ए. चा निकाल लागून नोकरी मिळाली तेव्हा मी पहिलं पत्र त्यांना लिहिलं. त्यांना देवनागरी नीट वाचता येत नसे, म्हणून मी उर्दू हरफांत लिहिलं, पण बोली घरचीच ठेवली. उर्दू हरफांत अहिराणी मी तोवर कधी लिहिली नव्हती. ‘शे’ कसा लिहायचा यावर मी बराच वेळ घालवला. पत्र पोचलं, हे मला चांदने नंतर सांगितलं. मुल्लाजींनी ते जुम्म्याच्या नमाजेनंतर सगळ्यांना वाचून दाखवलं होतं, अब्बांना पुढच्या रांगेत बसवून. पत्रात येतो म्हणून लिहिलेली ईद माझी हुकली, आणि त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले. त्या पत्राची नक्कल मी करून ठेवली होती. ती अशी:

मुल्लाजीसले इसूफना सलाम.

मी बी. ए. पास हुई गऊ. आठे एक शाळामा माले मास्तरनी नोकरी लागनी. पोरे चांगला शेतस, पन खोटं बोलतस. परवादिन एक पोऱ्यानी फळा मोडा. मी इचारं तं तो इंग्रजीमा म्हने, सर, माले मालूम नही. मी त्याले इचारं, तुन्ही माय घर कोनती बोली बोलस? तो म्हने, कोकनी. मी म्हनू, मंग माले कोकनीमा सांग. माले कोकनी येस नही, त्याले बी मालूम व्हतं. तरी तो उगी ऱ्हायना, आनि मंग रडाले लागना. फळा आम्ही दोन्ही जनसनी मिळीसन सुधारा.

तुमनी रजई शेजारना पोऱ्याले दिधी. त्याले ताप भरेल व्हता. ती आते त्यानीच शे.

चांदले सांगज्यात, इदले स्टेशनवर गाडी लई येज्यो. मी ई ऱ्हायनू.

अब्बासले माले काही लिखता येस नही, ते वाचतस नही. म्हनीसन तुमलेच सांगस. त्यासले सांगा, पोऱ्या बिघडना नही. तुम्ही सांगं तं त्यासले पटी.